१५००डीच्या जागी लहान कॅमेरा: आधी वजन नेमकं कुठे आहे ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागभीड तालुक्यात कृषी सहायक आहात. तुमच्याकडे कॅननचा १५००डी आणि त्यासोबत मिळालेले १८-५५ व ५५-२५० हे दोन लेन्स आहेत. दिवसभर मोटरसायकलवर गावोगाव फिरणं, बांध्यांमधल्या (धानाच्या खाचरांतल्या) कीड-रोगांचे फोटो, सुटीच्या दिवशी तलावावरचे पक्षी आणि हिवाळ्यात पूर्व विदर्भातली, म्हणजे झाडीपट्टीची नाटकं, एवढं तुम्हाला टिपायचं असतं. पण बॅग जड, म्हणून कॅमेरा कपाटातच राहतो. साठ-सत्तर हजारांत लहान कॅमेरा हवा आहे. एक मित्र आर५० घ्या म्हणतो, दुसरा कॅननचाच जुना फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आरपी सुचवतो, तिसऱ्याच्या मते मोबाइल पुरे.

माझं उत्तर असं: कॅनन आर५० घ्या, पण एकाच १८-४५ किट लेन्ससोबत. उरलेल्या पैशांतून ५० मिमी एफ/१.८ घ्या. दोन लेन्सचा जोड घेऊ नका, फुल फ्रेमच्या वाटेला जाऊ नका. हा सल्ला तुमच्या तीन कामांवरून दिलाय. तुमचं काम वेगळं असतं तर उत्तरही बदललं असतं, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

सुरुवात वजनापासून करू, कारण तक्रार वजनाची आहे. १५००डी बॅटरी-कार्डसकट ४७५ ग्रॅम, १८-५५ सुमारे २०० ग्रॅम आणि ५५-२५० सुमारे ३९० ग्रॅम. एकूण १०६५. आता आर५० बघा: बॅटरी-कार्डसकट ३७५ ग्रॅम, १८-४५ लेन्स १३० ग्रॅम, ५५-२१० लेन्स २७० ग्रॅम. एकूण ७७५. म्हणजे सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात खर्च करून खांद्यावरून उतरले किती, तर २९० ग्रॅम. आणि पैसे वाचवायला तुमचाच जुना ५५-२५० अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर वापरायचं ठरवलं, तर कॅननचा अडॅप्टरच ११० ग्रॅमचा. ३७५ अधिक १३० अधिक ३९० अधिक ११०, झाले १००५. जुन्या बॅगेपेक्षा फक्त ६० ग्रॅम कमी! दुकानात नुसती बॉडी हातात घेतली की केवढीशी वाटते. घरी येऊन सगळं बॅगेत भरलं की बॅग होती तेवढीच राहते. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांची निराशा इथेच झालेली आहे.

हे असं का होतं? तुमच्या १५००डीसारख्या डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो. तो वर-खाली व्हायला जागा लागते, म्हणून कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते तिथून सेन्सरपर्यंत ४४ मिमी अंतर ठेवलेलं आहे. आर५० सारख्या मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे ते अंतर २० मिमीवर आलं आणि बॉडी पातळ झाली. जुना लेन्स लावायचा तर मधले २४ मिमी परत भरून काढावे लागतात, आणि अडॅप्टर तेच करतो. त्याच्या आत काच नसते, त्यामुळे फोटोचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. पण जी लांबी कमी करायला पैसे मोजले ती आपणच परत जोडतो. शिवाय सेन्सरचा आकार दोन्हीकडे तोच, २२.३ गुणिले १४.९ मिमी. त्यामुळे लांब पल्ल्याचा लेन्स फारसा लहान होऊच शकत नाही. कंपन्या तो लहान करतात ते बहुतेक करून त्याचं तोंड बारीक करून. एफचा आकडा मोठा तितका आत येणारा उजेड कमी: तुमचा १८-५५ सुरू होतो एफ/३.५ ला, नवा १८-४५ सुरू होतो एफ/४.५ ला. ५५-२५० दुसऱ्या टोकाला एफ/५.६ आहे, ५५-२१० तिथे एफ/७.१ होतो. हलकेपणाची किंमत उजेडात मोजलेली आहे, आणि पल्लाही ४० मिमीने कमी झालेला आहे.

म्हणून माझा आग्रह असा की वजनाचे दोन हिशेब वेगवेगळे मांडा. एक रोज मोटरसायकलवर सोबत राहणारं वजन. दुसरं ठरवून नेलेलं वजन, म्हणजे पहाटे घोडाझरी तलावावर पक्ष्यांसाठी निघालात तेव्हाचं. दुसऱ्याला दोनशे-तीनशे ग्रॅमने काही बिघडत नाही, त्या दिवशी आपण त्याच कामासाठी निघालेलो असतो. कॅमेरा कपाटात अडकतो तो पहिल्या हिशेबात. तिथे आर५० आणि १८-४५ मिळून ५०५ ग्रॅम भरतात आणि लेन्स मिटवला की जेमतेम साडेचार सेंटिमीटर बाहेर राहतो. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, नोंदवहीच्या बाजूला मावतो. जुना १८-५५ तेवढ्याच वेळी सात सेंटिमीटर पुढे आलेला असतो. रोजच्या वापरात खरा फरक या अडीच सेंटिमीटरचा आहे, ग्रॅमचा त्यामानाने कमी.

खरेदीला जाण्याआधी एक काम नक्की करा. तुमचे स्वतःला आवडलेले शे-दोनशे फोटो संगणकावर काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्सवरचे १८, ५५, २५० हे मिमीतले आकडे) किती आहे ते बघत जा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये, डिटेल्सखाली ते दिसतं. बहुतेकांचे आकडे दोन ठिकाणी गोळा झालेले असतात: एकदम १८ ला किंवा झूमच्या शेवटच्या टोकाला. तुमचे आवडते फोटो २०० ते २५० मिमीमध्येच असतील, तर तुम्ही मुळात पक्ष्यांचे फोटोग्राफर आहात आणि लहान कॅमेऱ्याचा प्रश्न तुमच्यासाठी वेगळ्या रीतीने सोडवावा लागेल. १८ ते ५० च्या दरम्यान असतील, तर मी सांगतोय ते तंतोतंत लागू आहे.

आणखी एक मार्ग आहे, दुकानदार तो सहसा सांगत नाही. तुमच्या १५००डीवरच २४ मिमी एफ/२.८ पॅनकेक लेन्स लावून बघा. १२५ ग्रॅमचा, सव्वादोन सेंटिमीटर जाडीचा. कॅमेरा एकूण ६०० ग्रॅम होतो, म्हणजे आर५० आणि किट लेन्सपेक्षा ९५ ग्रॅमच जास्त. झूम नाही, पण एखादं झाड, एखादा शेतकरी, बांधीचं दृश्य, सगळं त्यात बसतं. जुन्या बाजारात तो स्वस्तात मिळतो. कुणाकडून आठवडाभर मागून आणा. त्या आठवड्यात कॅमेरा रोज सोबत आला तर वजनाची अडचण संपली, साठ हजार वाचले. नाहीच आला, तर बॉडी बदलणं गरजेचं आहे हे पक्कं झालं. डीएसएलआर आता जुने झाले, कंपन्या नवे काढत नाहीत, एवढ्या कारणाने घाई करू नका. कॅननने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही हे खरं, पण तुमचा कॅमेरा त्यामुळे काल काढायचा त्यापेक्षा वाईट फोटो काढू लागलेला नाही.

आता तुमची तीन कामं.

कीड-रोगांचे फोटो. इथे नवा कॅमेरा तुमची निराशा करील, हे आधीच सांगतो. तुमचा जुना १८-५५ जवळून फोटो काढायला चांगला आहे. तो वस्तूच्या सुमारे एक तृतीयांश आकाराची प्रतिमा सेन्सरवर पाडतो, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंदीचा भाग फ्रेमभर येतो. नवा १८-४५ ऑटोफोकसवर त्याच्या निम्म्याच्या आसपास जातो. धानाच्या बुडाशी बसलेला तुडतुडा तीन-चार मिलिमीटरचा, तो दोन्हीत ठिपकाच दिसणार. खरं सांगायचं तर हे काम मोबाइलवरच ठेवा. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे जवळच्या वस्तूचा जास्त भाग स्पष्ट येतो. चिखलात उभं राहून एका हाताने फोटो काढता येतो आणि तो तिथूनच वरच्या कार्यालयात पाठवताही येतो. मॅक्रोची चांगली क्लिप लावलीत तर गादमाशीचा पोंगाही (कीड लागून नळीसारखं झालेलं धानाचं पान) नीट ओळखू येतो. तुमचा तिसरा मित्र एवढ्यापुरता बरोबर आहे. रोगाचा बांधीत झालेला पसारा, शेतकऱ्यासोबतचा पंचनामा, रोवणीचं दृश्य, यासाठी मात्र १८-४५ उत्तम.

झाडीपट्टीचं नाटक हा तुमच्या तिन्ही कामांतला सगळ्यात अवघड प्रकार, म्हणून इथे जरा थांबतो. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो, पहाटेपर्यंत चालतं. मागे काळा किंवा गडद रंगवलेला पडदा, वरून रंगीत दिवे, आणि नटाच्या चेहऱ्यावर भरपूर रंग. अशा वेळी कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर मागचा अंधार बघून फोटो उजळ करायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमधून तुम्हाला मंच डोळ्याला दिसतो तसा दिसतो, चेहरा उडाला हे फोटो काढून मागे बघितल्यावर कळतं. तोवर तो प्रसंग गेलेला असतो. मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो जसा येणार तसाच आधी दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे एक करा, चेहऱ्यावरचा रंग परत आलेला तिथेच बघा, मग बटण दाबा. नाटकासाठी मिररलेस घेण्याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे.

पण उजेड लेन्समधून येतो, बॉडीतून नाही. १८-४५ पूर्ण झूम केला की एफ/६.३ होतो. ५० मिमीचा लेन्स एफ/१.८ वर उघडलात तर त्यातून बारा पटींपेक्षा जास्त उजेड आत येतो. म्हणजे जिथे ५० मिमीवर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची पातळी) १६०० पुरतो, तिथे तेवढ्याच शटरला किट लेन्सवर आयएसओ २०,००० च्या जवळ न्यावा लागतो. २०,००० वर चेहऱ्यावर इतके कण येतात की डोळ्यांतला भाव हरवतो. तुमच्या १५००डीवर तर नेहमीच्या मर्यादेत आयएसओ ६४०० च्या वर जाताच येत नाही. आर५० चा सेन्सर नवा आहे, थोडा फरक पडतो, पण बारा पटींची भरपाई कुठलाही सेन्सर करत नाही. आरएफ ५० मिमी एफ/१.८ हा १६० ग्रॅमचा लेन्स आहे. आर५० वर लावला की सगळं मिळून ५३५ ग्रॅम. या सेन्सरवर तो ८० मिमीसारखा वागतो, म्हणजे पुढच्या तीन-चार रांगांतून कमरेवरचा माणूस फ्रेममध्ये नेमका बसतो. पूर्ण मंच हवा असेल तेव्हा १८-४५ आहेच.

दोन सूचना नाटकाच्या बाबतीत. आर५० मध्ये पूर्ण आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटर आहे आणि प्रेक्षकांत बसून तेच वापरावंसं वाटतं. ते टाळा. आता बहुतेक मंचांवर एलईडी दिवे आले आहेत, ते सतत चालू-बंद होत असतात. डोळ्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने वाचतो आणि त्यात आडवे काळे पट्टे उमटतात. नेहमीचा शटर ठेवा, अँटी-फ्लिकर चालू करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिचकावतात, म्हणून शक्य असेल तिथे शटर १/१०० ठेवा. नाच-गाण्याला तो पुरत नाही, तेव्हा १/२५० वर जा आणि दोन-चार फोटो जास्तीचे काढा. दुसरी सूचना: मागची स्क्रीन उलटी करून मिटवून टाका आणि ऑटोफोकसचा मदतीचा दिवा बंद करा. मागे बसलेल्या माणसाने तिकीट काढलेलं असतं, त्याच्या डोळ्यांत आपला उजेड जायला नको. फ्लॅशचा तर प्रश्नच येत नाही.

शंकरपटालाही हाच नियम. इलेक्ट्रॉनिक शटरवर धावत्या बैलजोडीचे पाय तिरपे, वाकडे येतात. नेहमीच्या शटरवर आर५० सेकंदाला बारा फोटो काढतो, तेवढे पुष्कळ झाले. रॉमध्ये, म्हणजे मोठ्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर मोजक्याच फोटोंनंतर बफर (तात्पुरती साठवण) भरून कॅमेरा अडतो. जोडी समोर येईपर्यंत बोट आवरा.

पक्षी. इथे नवीन बॉडीचा फायदा भरघोस आहे आणि तो फोकसमध्ये आहे. १५००डीमध्ये फोकसचे नऊ बिंदू, त्यातला मधलाच काय तो भरवशाचा. अडई पाण्यावरून उठली की तो मधला बिंदू तिच्यावर धरून ठेवणं कसब आहे. आर५० प्राणी-पक्षी ओळखतो, डोळा धरतो आणि पक्षी फ्रेमच्या कोपऱ्यात गेला तरी सोडत नाही. कमळपक्षी पानांवरून पळताना, खंड्या सूर मारून वर येताना, जे फोटो पूर्वी दहांत एखादा मिळायचे ते आता सहज मिळतात. गवताच्या आड बसलेल्या पक्ष्यावर मात्र हीच हुशारी आड येते, कॅमेरा पुढच्या काडीलाच धरून बसतो. तेव्हा एकच लहान बिंदू निवडा. याच कारणासाठी आर१०० घेऊ नका. तो स्वस्त आहे, ३५६ ग्रॅमचा आहे, पण पक्षी-प्राणी ओळखत नाही, स्क्रीन हलत नाही आणि तिला स्पर्शही चालत नाही. तुमच्या १५००डीवरून तिथे जाणं म्हणजे पैसे खर्चून जागच्या जागी राहणं.

लांब लेन्स बदलायचा की जुना वापरायचा, यावर शेवटी येतो. एवढं मात्र लक्षात ठेवा की एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर तलावावरची हवा तापून थरथरायला लागते. मग समोरच्या काठावरचा मुग्धबलाक कितीही महागड्या लेन्समधून मऊच येतो. त्या दिवसांत पहाटे जा, जवळ जा, लेन्सला दोष देऊ नका.

इतर पर्यायांवर थोडक्यात.

आरपी: फुल फ्रेम असून बॉडी बॅटरी-कार्डसकट ४८५ ग्रॅमचीच आहे, म्हणून मोह होतो. नाटकाला तो खरोखर चांगला. पण तुमचा ५५-२५० हा लहान सेन्सरसाठी बनवलेला लेन्स आहे. तो लावला की आरपी मधलाच भाग वापरतो आणि २६ मेगापिक्सेलचे १० च राहतात. पक्ष्यांसाठी नवा लांब लेन्स घ्यावा लागेल आणि तिथे तुमचं बजेटही मोडतं, वजनही वाढतं.

खिशातले एक इंची सेन्सरवाले कॅमेरे, उदाहरणार्थ कॅननचा जी७एक्स मार्क ३, ३०४ ग्रॅम. सेन्सर तुमच्यापेक्षा जवळजवळ तिपटीने लहान, पण लेन्स एफ/१.८ ते २.८ इतका उघडतो की उजेडाचा हिशेब किट लेन्सच्या बरोबरीला येतो. केवळ प्रवास आणि घरगुती फोटो काढणाऱ्याला मी हाच सुचवला असता. तुम्हाला नाही, कारण त्यात व्ह्यूफाइंडर नाही आणि आपल्याकडच्या मार्चनंतरच्या उन्हात स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाही. शिवाय लेन्स बॉडीलाच जोडलेला. मुरमाच्या रस्त्याची धूळ झूमच्या नळीतून आत गेली तर पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. व्ह्यूफाइंडर नाही म्हणून निकॉनचा झेड३० आणि सोनीचा झेडव्ही-ई१० हेही मी बाजूला ठेवतो. ते व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आहेत.

लांब झूमचे एकसंध कॅमेरे, जसा कॅननचा एसएक्स७०, ६१० ग्रॅममध्ये फुल फ्रेमच्या हिशेबाने १३६५ मिमीपर्यंतचा पल्ला देतात. भर उजेडात पक्षी ओळखून नोंद करायला उत्तम साधन. पण सेन्सर तुमच्या सेन्सरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही लहान. सूर्य कलला की फोटो पिठासारखा होतो आणि नाटकात तो काहीच कामाचा नाही.

निकॉनचा झेड५० मला हातात धरायला सगळ्यात आवडतो. त्याचा ५०-२५० लेन्स फार धारदार आहे. पण दोन्ही लेन्ससकट ९९० ग्रॅम होतात, म्हणजे तुमच्या आताच्या बॅगेच्या जवळपासच. सोनी ए६४०० दोन लेन्ससकट साधारण ८६५ ग्रॅम. त्यासाठी इतर कंपन्यांचे लेन्स भरपूर मिळतात, पण सोबतचा १६-५० कडांना मऊ आहे. फक्त वजनच बघायचं तर मायक्रो फोर थर्ड्सला (आणखी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांना) तोड नाही. ऑलिम्पसच्या ई-एम१० मार्क ४ चा पूर्ण संच, १४-४२ आणि ४०-१५० धरून, सुमारे ६६६ ग्रॅममध्ये बसतो. हा घ्यायचा विचार असेल तर बिघडल्यावर दुरुस्ती कुठे होणार, किती दिवसांत होणार, हे विकणाऱ्याकडून आधी स्पष्ट करून घ्या. आपल्या भागात लेन्स बदलायला, मागून वापरायला आसपास कुणाकडे तोच माउंट (लेन्स बसवायची जोडणी) असणं ही मोठी सोय असते आणि इकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडे बहुतांशी कॅनन, निकॉन, सोनीच असतात.

मिररलेसच्या काही गोष्टी विदर्भातल्या हवेत जास्त जाणवतात. लेन्स काढला की सेन्सर समोर उघडाच, मध्ये आरसा नाही. म्हणून मळणी चालू असलेल्या खळ्यावर, जिनिंगच्या आवारात, धुळीच्या रस्त्याकडेला लेन्स बदलू नका. बदलावाच लागला तर कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा आणि दुसरा लेन्स आधी हाताशी तयार ठेवा. उन्हाळ्यात मोटरसायकलच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नका. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे सावलीतलाच पारा मे महिन्यात त्याच्या वर असतो, बंद डिक्कीत तर विचारूच नका. पावसाळ्यात, रोवणीपासून दसऱ्यापर्यंत, लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आंचेवर वाळवून परत वापरा. कपाटात कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेल्या लेन्सला बुरशी हमखास धरते.

बॅटरीचं गणितही बदलेल. १५००डी एका चार्जमध्ये सुमारे ५०० फोटो देतो. आर५० व्ह्यूफाइंडर वापरलात तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. तलावाच्या पाळीवर नुसतं डोळा लावून वाट बघत बसलात तरी बॅटरी खर्च होत असते, डीएसएलआरमध्ये तसं नव्हतं. जुनी बॅटरी नव्यात बसत नाही, तेव्हा एक जादा बॅटरी बजेटमध्ये धराच. आर५० यूएसबी-सीने चार्ज होतो, पण त्याला पॉवर डिलिव्हरीचा चार्जर किंवा पॉवर बँक लागते. मोबाइलचा जुना साधा चार्जर चालणार नाही. रात्रीच्या नाटकाला निघताना गावात वीज नसली तर अशी पॉवर बँक फार उपयोगी पडते.

नागपुरात बर्डीवर दुकानात जाल तेव्हा तुमची रोजची पिशवी सोबत न्या आणि कॅमेरा त्यात घालून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. बॉडी लहान, त्यामुळे करंगळी खाली लोंबकळते. पाच-दहा मिनिटं धरून बघितल्याशिवाय ते सोसतं की नाही कळत नाही. फ्लॅश असेल तर तोही न्या आणि लावून बघा, आर५० वरची फ्लॅशची जागा नव्या पद्धतीची आहे. बिल भारतातल्या वॉरंटीचं आहे ना ते तिथेच तपासा. ५० मिमी जुना घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

आता लांब लेन्सचं. घरी तुमच्या ५५-२५० वरची अक्षरं वाचा. त्यावर एसटीएम लिहिलं असेल तर तो ३७५ ग्रॅमचा चांगला लेन्स आहे. अडॅप्टर घ्या आणि पक्ष्यांसाठी तोच वापरा. त्याचा फोकस नव्या बॉडीवर जलद आणि शांत चालतो आणि २५० मिमीला एफ/५.६ हा उजेड नव्या ५५-२१० पेक्षा जास्तच आहे. एसटीएम नसेल, नुसतं आयएस टू लिहिलेलं असेल, तर त्याची मोटर जुन्या धाटणीची, संथ आणि आवाज करणारी. आर५० चा चपळ फोकस तिच्यापाशी अडकतो. तसं असेल तर अडॅप्टरवर पैसे घालू नका. १५००डी आणि तो लेन्स एकत्रच विका, दोन्ही मिळून गिऱ्हाईक लवकर लागतं, आणि पुढच्या हिवाळ्याआधी ५५-२१० घ्या. तोवर ५० मिमीवर नाटकं सुरू करा. तुमच्या लेन्सवर काय लिहिलंय ते कळवलंत तर पुढचं नक्की सांगतो.